मोटारसायकलची दौड आणि शरीराची दमछाक

मोटारसायकलच्या शर्यतीबद्दल आरोग्याच्या सदरात काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे दोन-तीन तरुणांनी मला एकच प्रश्न विचारला. डोंगर, रेती, नदीनाले तुडवीत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचे असेल, तर शरीराची तयारी कशी करावी? त्यांना उत्तर देताना लक्षात आले की, हे उत्तर शर्यतीचे नावही न काढणाऱ्यांना तितकेच उपयोगी आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडे पांदण रस्त्याने रोज दुचाकीवर वावरात जाणारा शेतकरी, मे महिन्यात लग्नपत्रिका वाटत गावोगाव फिरणारा वधुपिता, औषध कंपनीचा प्रतिनिधी, दूधवाले, परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणी गाठणारे आरोग्य कर्मचारी, या सर्वांच्या शरीरावर पडणारा ताण त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की, शर्यतीतल्या स्वाराच्या मागे डॉक्टर आणि हेलिकॉप्टर असते. आपल्या मागे कोणी नसते.

या प्रकारातली जगातील सर्वांत खडतर शर्यत म्हणजे डाकार रॅली. १९७८च्या डिसेंबरअखेर पॅरिसहून ती प्रथम निघाली व आफ्रिकेतील सेनेगलची राजधानी डाकार येथे संपली. त्यावरून तिला हे नाव मिळाले. २००९ ते २०१९ या काळात ती दक्षिण अमेरिकेत झाली आणि २०२० पासून सौदी अरेबियाच्या वाळवंटात होऊ लागली. दोन आठवड्यांत हजारो किलोमीटर अंतर काटायचे, पहाटे अंधारात निघायचे, दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर काढायचे आणि रात्री तंबूत झोपायचे, असा तिचा क्रम असतो. २०१५ साली बंगलोरचे सी. एस. संतोष हे ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. अर्जेंटिना, चिली व बोलिव्हिया अशा तीन देशांतून गेलेल्या सुमारे नऊ हजार कि.मी.च्या त्या दौडीत त्यांचा क्रमांक ३६वा आला. निघालेल्या मोटारसायकलींपैकी सुमारे निम्म्याच शेवटपर्यंत पोहोचल्या होत्या. पुढे केरळच्या हरिथ नोआ यांनी २०२१ मध्ये विसावा आणि २०२४ मध्ये अकरावा क्रमांक मिळवला. २०२१च्या शर्यतीत व्यापारी जहाजावरील कॅप्टन आशिष रावराणे हे मराठी स्वारही उतरले होते.

या स्वारांचे कौतुक आहेच. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले, तर या शर्यतीचा सर्वांत मोठा धडा वेगाचा नाही. तो थांबण्याचा आहे. दमलेल्या माणसाला आपण किती दमलो हे नीट कळत नाही, कारण ते ठरवणारा मेंदूच आधी दमलेला असतो. म्हणून केव्हा थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. शरीर कोणकोणत्या ठिकाणी हार मानते ते आता क्रमाने पाहू.

ऊन, वारा आणि पाणी

६ जानेवारी २०१५ रोजी, त्याच शर्यतीच्या तिसऱ्या टप्प्यात, पोलंडचा मिशाल हेर्निक हा ३९ वर्षांचा स्वार अर्जेंटिनात मार्गाजवळ मृतावस्थेत सापडला. अपघाताच्या बाह्य खुणा दिसत नव्हत्या. अतिउष्णता व निर्जलीकरण हे मृत्यूचे कारण पुढे आले. म्हणजे त्याला दगडाने किंवा दरीने मारले नाही. उन्हाने मारले.

हे कसे होते? आपले स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीपैकी साधारण पाव भागच प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. ही उष्णता घामावाटे बाहेर टाकली जाते. कडक उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला एक ते दीड लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी कमी झाले की, वजनाच्या दोन टक्के घट होते, आणि एवढ्यानेच दम लवकर लागतो व लक्ष उडू लागते. पाणी याहून कमी झाले की रक्त आटते, त्वचेकडे पुरेसे रक्त पोहोचत नाही, घाम कमी होतो आणि शरीराचे तापमान चढू लागते.

दुचाकीवर यात एक फसवणूक असते. गाडी चालू असताना वारा लागतो, म्हणून बरे वाटते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंग गार करतो. पण अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तोच वारा भट्टीच्या झोतासारखा अंगाला उष्णता देतो. शिवाय घाम आल्याआल्या वाळून जातो. शर्ट ओला होत नाही, म्हणून माणसाला वाटते की घाम आलाच नाही. कॉलरवर व पाठीवर पांढरे मिठाचे डाग दिसले की, किती घाम गेला ते समजावे.

डोक्याला व कानांना दुपट्टा गुंडाळण्याची वऱ्हाडातली पद्धत शास्त्राला धरून आहे. सैलसर सुती कापड तापलेला वारा अडवते व ऊन अंगावर येऊ देत नाही. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सुती शर्ट त्याच कारणाने चांगला. खिशात कांदा ठेवल्याने मात्र शरीराचे तापमान उतरत नाही. कांदा जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर दुपारी बारा वाजता निघू नये.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. शर्यतीतील स्वार पाठीवर पाण्याची पिशवी बांधतो आणि तिची नळी तोंडाजवळ ठेवून थोड्या थोड्या वेळाने घोट घेत राहतो. आपण दर अर्ध्या तासाने थांबून एक पेला पाणी प्यावे. दोन तासांहून अधिक प्रवास असेल, तर नुसते पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जाते. केवळ पाणीच भरमसाट प्यायले, तर रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून डोके दुखणे, उलट्या, गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार होतात. त्यासाठी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून बरोबर ठेवावी. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. येथे चमचा म्हणजे चहाचा छोटा चमचा. मीठ घातलेले ताक व कैरीचे पन्हेही चांगले. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी चवीला खारट असते, म्हणून ते जलसंजीवनीची जागा घेते असे समजू नये. घरचे पाणी बरोबर न्यावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ व पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेही व्यक्तींनी साखरेची सरबते टाळावीत.

लघवीचा रंग हा घरचा उत्तम मापक आहे. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी, थोडी आणि जळजळणारी होत असेल, तर शरीर पाणी मागते आहे.

ऊन लागल्याची खूण ओळखा

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पिंढऱ्यांत गोळे येणे ही पहिली पायरी. येथेच थांबून सावलीत पडावे व जलसंजीवनी घ्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा तो बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. या वेळी शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. उष्माघातात अंग कोरडेच असते असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते.

अशा माणसाला प्रथम सावलीत न्या. जाड कपडे, बूट काढा. अंगावर साधे पाणी ओता व वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत व जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नका. येथे मिनिटे मोलाची असतात.

हात, मनगट आणि पाठ

खडबडीत वाटेवर तासभर गाडी चालवली की, हाताचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटे उघडत नाहीत व ब्रेकची पकड ढिली पडते. शर्यतीतील स्वारांना हे दुखणे चांगले परिचयाचे आहे. कोपर ते मनगट या भागातले स्नायू एका ताठ आवरणात बांधलेले असतात. मूठ सतत आवळून धरली की स्नायूंत रक्त भरते, ते फुगतात, पण आवरण ताणले जात नाही. आतला दाब वाढतो आणि रक्तप्रवाह अडतो. परिणामी नेमक्या उताराच्या वेळी ब्रेक दाबायला बोटांत जोर उरत नाही.

यावर उपाय मुठीत नाही, तो मांड्यांत आहे. अनुभवी स्वार गुडघ्यांनी टाकी घट्ट धरतो आणि हात सैल ठेवतो. खड्डे आले की पावदानावर उभा राहतो, गुडघे किंचित वाकवतो आणि धक्का पायांवर घेतो. गुडघा ही शरीराची उत्तम स्प्रिंग आहे. बसून राहिले, तर तोच धक्का सरळ कमरेच्या मणक्यांवर जातो. काळ्या मातीच्या पांदणीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात वाळून विटेसारख्या कडक होतात. त्यावरून रोज गाडी हाकणाऱ्यांत कमरेचे दुखणे का वाढते, हे यावरून कळेल. दोन मणक्यांमधील गादी वारंवारच्या धक्क्यांनी झिजते. कमरेतून कळ निघून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मालिश करून वेळ घालवू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हँडलच्या कंपनामुळे मनगटातील नस दबते. रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, तर ते त्याचे लक्षण असू शकते. शॉकअॅब्सॉर्बर तपासून घेणे, टायरमध्ये योग्य हवा ठेवणे, हातमोजे वापरणे आणि दर तासाला उतरून बोटे, खांदे व कंबर मोकळी करणे एवढ्याने बराच त्रास टळतो. पाणी वा खताचे पोते गाडीच्या एकाच बाजूला लटकवू नये.

झोपेचे कर्ज

लांब शर्यतीत पाचव्या-सहाव्या दिवसानंतर खरी अडचण झोपेची होते. दिवसभर गाडी चालवायची, रात्री दुरुस्ती, दुसऱ्या दिवसाच्या वाटेची तयारी, आणि परत पहाटे उठायचे. झोपेचे हे कर्ज चहाने फिटत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की, सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात व नजर यांचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या कायद्यात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य आढळले की, गाडी चालवणे गुन्हा ठरतो. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभर राबलेला आणि रात्री दहानंतर लग्नाहून दुचाकीने परतणारा माणूस थेंबभरही न पिता झिंगल्यासारखा असतो.

झोप अनावर झाली की, डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद बंद पडतो. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. समोर दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल, तर एवढे अंतर पुरेसे आहे. वारंवार जांभया येणे, मागचा एखादा मैलाचा दगड किंवा गाव कधी गेले ते न आठवणे, गाडी आपोआप कडेला जाणे, या खुणा दिसल्या की गाडी लावावी आणि सुरक्षित जागी वीस मिनिटे झोपावे. तोंडावर पाणी मारून पुढे रेटणे हा उपाय नव्हे.

डोक्याला मार

१२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस पडले आणि मरण पावले. ते ४० वर्षांचे होते, हीरो या भारतीय कंपनीच्या संघातून खेळत होते आणि २०१५ मध्ये त्यांनी याच शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला होता. म्हणजे अनुभव कमी नव्हता. ते पडल्याचे पाहून शर्यतीचे माजी विजेते टोबी प्राइस आपली शर्यत सोडून त्यांच्याजवळ थांबले. पुढील वर्षी, ६ जानेवारी २०२१ रोजी, संतोष यांनाही चौथ्या टप्प्यात डोक्याला गंभीर दुखापत झाली. त्यांना हेलिकॉप्टरने रियाधच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि औषधे देऊन बेशुद्धावस्थेत ठेवण्यात आले. नंतर ते मायदेशी परतले. वेळीच मिळालेली मदत आणि डोक्यावरचे हेल्मेट यांचे मोल यातून कळावे.

गाडीचा वेग दुप्पट झाला की, धडकेतील शक्ती चौपट होते. हेल्मेटच्या आतील थर दबून ही शक्ती शोषतो. म्हणून आयएसआय खुणेचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे व पट्टा बांधावा. हँडलला अडकवलेले किंवा पट्टा न बांधलेले हेल्मेट उपयोगाचे नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

पडलेल्या माणसाचे हेल्मेट ओढून काढू नये. मानेचा मणका मोडला असल्यास त्या ओढण्याने कायमचा अर्धांग होऊ शकतो. श्वास अडत असेल तरच दोघांनी, एकाने मान स्थिर धरून, ते काढावे. उलटी होत असल्यास डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. त्याला बसते करून पाणी पाजू नये.

आणखी एक गोष्ट घराघरांत माहीत हवी. डोक्याला मार लागून क्षणभर शुद्ध गेली, मग माणूस उठून बसला, बोलला, चहाही प्याला, म्हणून तो बरा झाला असे समजू नये. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असेल, तर काही तासांनी डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, झोपाळूपणा येतो, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. अशा माणसाला "झोपू द्या, थकला आहे" म्हणून सोडल्यास तो सकाळी उठतोच असे नाही. यापैकी एकही खूण दिसली की, अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार किंवा मेंदूच्या तपासणीची सोय असलेले जवळचे रुग्णालय तत्काळ गाठावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता नको. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

थांबण्याचे नियम

डाकारमध्ये इंधन भरण्याच्या ठिकाणी मोटारसायकलस्वाराला साधारण पंधरा मिनिटे सक्तीने थांबावे लागते. तो कितीही ताजातवाना असो, पहिल्या क्रमांकावर असो, सूट नाही. शर्यतीच्या मध्यावर एक पूर्ण दिवस विश्रांतीचा असतो. गाडीवर असलेल्या यंत्रामुळे स्वार कोठे आहे ते संयोजकांना कळते आणि मदत मागता येते. २०२१ पासून हवेने फुगणारे संरक्षक जाकीटही सक्तीचे झाले. हे नियम अनुभवातून आले आहेत. जगातल्या कसलेल्या स्वारांवरही "दमलास की थांब" एवढ्यावर विसंबता येत नाही, तर आपली काय कथा!

तेव्हा शर्यतीत उतरू पाहणाऱ्या तरुणांनी आणि रोजच्या कामासाठी फिरणाऱ्यांनीही पुढील गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात.

१) एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते दुपारी चार लांबचा दुचाकी प्रवास नको. निघणे भाग असेल, तर दर अर्ध्या तासाला सावलीत थांबा.

२) दर तासाला दहा मिनिटे उतरायचेच, थकवा वाटो वा न वाटो.

३) आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल, तर लांबचा प्रवास पुढे ढकला.

४) कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजता पोहोचेन, हे घरी सांगून निघा. मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात निरोप आला नाही, तर कोणी शोधायला निघायचे तेही ठरवा.

५) अपस्मार, वारंवार भोवळ, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचा प्रवास वा शर्यत नको. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी झोप येते, हेही ध्यानात ठेवा.

६) शर्यतीची तयारी किमान तीन महिने आधी सुरू करा. चालणे, पोहणे, सायकल, बैठका, पाठीचे व पोटाचे व्यायाम यांना गाडी चालवण्याच्या सरावाइतकेच महत्त्व द्या. उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत रोज थोडी थोडी वाढवत करावी, एकाच दिवसात नव्हे.

तरुणांनी धाडस करू नये, असे मी म्हणणार नाही. आपल्या भागातील मुलाने उद्या वाळवंटातील ती दौड पूर्ण केली, तर मला आनंदच होईल. पण त्याने निघण्यापूर्वी थांबायची ठिकाणे वहीत लिहून घ्यावीत, आणि वावरातून घरी येणाऱ्या त्याच्या वडिलांनीही तेच करावे.